पिवळ्या टोपणाच्या तीन बाटल्या

त्या दिवशी दुपारी चार वाजता पेटीत पिवळ्या टोपणाच्या तीन रिकाम्या बाटल्या शिल्लक होत्या. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. डॉक्टरांना नाही, बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या दत्तूला तर नाहीच.

मी सत्तावन्न वर्षांचा आहे. श्रीरामपूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथल्या माध्यमिक शाळेत लिपिक आहे. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो आता प्रोस्टेटपुरता राहिलेला नाही, हाडांपर्यंत गेला आहे. काही महिन्यांपूर्वी नगरच्या एका दवाखान्यात लघवीची वाट मोकळी करण्यासाठी माझं लेझरचं ऑपरेशन झालं. घरी निघताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या, तुम्ही लिहिणारे आहात, यावर लिहा. पुरुष या दुखण्याबद्दल बोलत नाहीत, फार उशिरा येतात. मी मान डोलावली. पण लिहायला बसलो की ऑपरेशनच्या आधी ती पेटी आडवी येते. तिला वळसा घालून पुढे जाता येईना, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

*

अडीच वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आरोग्य शिबिर झालं. बाहेरगावची एक संस्था आली होती. शुगर, बीपी आणि प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी. या तिसऱ्या तपासणीसाठी त्यांनी पन्नास बाटल्या आणल्या होत्या, पिवळ्या टोपणाच्या. नावांची यादी आधी पाठवायची होती आणि ती अर्थातच मी केली. गावातली पन्नास नावं माझ्या अक्षरात. त्यात अकरावं नाव दत्तूचं. दत्तू माझा चुलतभाऊ, माझ्याच वर्गातला, कांदा आणि ऊस करतो. माझं स्वतःचं नाव मी यादीत घातलं नव्हतं.

तोवर मला आठ महिने त्रास होत होता. धार बारीक झाली होती, मध्येच थांबायची. उठून आलो की पुन्हा जावंसं वाटायचं. सुमनने, माझ्या बायकोने, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तिच्यावर खेकसलो, की वय झालं आता, त्यात विचारायचं काय.

शिबिराच्या दिवशी व्हरांड्यात टेबल टाकून मी फॉर्म भरत होतो. त्यात एक प्रश्न होता, लघवीला त्रास होतो का. तो मोठ्याने विचारावा लागायचा, कारण निम्म्यांना कमी ऐकू येतं. प्रत्येकाचं उत्तर मागच्या रांगेला ऐकू जायचं आणि हशा व्हायचा. एक पैलवान गडी म्हणाला, "लिहा नाना, धार अजून बांधाच्या पल्याड जाती." सगळे हसले. मीही हसलो आणि "नाही" वर खूण केली. त्या टेबलाशी बसून स्वतःसाठी "होय" वर खूण करायची माझी छाती झाली नाही.

दुपारी सगळे पुरी-भाजी खायला मागच्या वर्गात गेले. रक्त घेणारा मुलगा बाहेरचा, कोणाला ओळखत नव्हता. त्याने विचारलं, कोणी राहिलंय का. मी बाही वर करून त्याच्यासमोर बसलो. त्याने नाव विचारलं. नवीन नाव वाढवायचं तर मुख्याध्यापकांची सही लागणार होती, म्हणजे त्यांना सांगावं लागणार होतं. दत्तू सकाळपासून आला नव्हता. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतपंपांना दिवसाची लाईट होती, तो कांद्याला पाणी देत असणार, आता काय येतो, असं मनात आलं. मी दत्तूचं नाव सांगितलं. त्या मुलाने अकराव्या नावापुढे खूण केली आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.

तीस वर्षं मी दाखल्यावरच्या नावातली एक वेलांटी चुकली तरी पालकांना हेलपाटे घालायला लावले आहेत.

चार वाजता दत्तू आला. गुडघ्यापर्यंत चिखल, मोटरसायकल चालूच ठेवून. त्या मुलाने यादी पाहिली आणि तुमचं झालंय म्हणाला. दत्तू माझ्या टेबलाशी आला.

"नाना, माझ्या नावावर कोन बसून गेलं रं?"

मी म्हणालो, "गर्दीत खूण चुकली असेल. पण आता बाटल्या संपल्या. पुढच्या वेळी सगळ्यात आधी तुझं नाव."

पेटी माझ्या पायाशी होती. मी मोजल्या होत्या. तीन होत्या. पण एकाच नावाच्या दोन बाटल्या गेल्या असत्या तर चौकशी माझ्यापर्यंत आली असती. दत्तू हसला, "सुई तर वाचली," म्हणाला आणि पुरी-भाजी उरली आहे का ते बघायला गेला.

ती संस्था पुन्हा आमच्या गावात आली नाही.

*

अहवाल एका मोठ्या पाकिटात शाळेत आले आणि वाटायला माझ्याकडेच दिले गेले. दत्तूच्या नावाच्या कागदावर जिथे एक आकडी संख्या असायला हवी तिथे दोन आकडी होती. खाली शाईने लिहिलं होतं, तातडीने तज्ज्ञांना दाखवावे. मी तो कागद जुन्या दाखल्यांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात ठेवला. दत्तूने विचारलं तेव्हा सांगितलं, तुझं रक्तच घेतलं नाही, तर अहवाल कुठून येणार. एवढं एक मी त्याला खरं सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग निदान स्वतःसाठी तरी का गेला नाहीस. मी याचं उत्तर पुष्कळ शोधलं. कागदावर माझं नाव नव्हतं, हेच उत्तर सापडतं. कागद काढून पाहिला की नाव दत्तूचं दिसायचं आणि काही वेळ बरं वाटायचं. एकदा तर असंही मनात आलं, की बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, कोणी सांगावं. दुसऱ्याच्या नावावर आपलं मरण ठेवून मी दीड वर्ष शाळेत हजेरीपत्रकं तपासत होतो.

भीती मात्र नाव बघून येत नाही. मी पाणी कमी केलं. एसटीत कडेची जागा धरू लागलो. श्रीरामपूर ते नगर कोणत्या थांब्यावर मुतारी कुठे आहे हे मला पाठ झालं. कंबर दुखायला लागली तेव्हा म्हणालो, खुर्ची वाईट आहे. खुर्ची बदलून घेतली.

*

लघवी पूर्ण अडली ती एसटीतच. माझी मुलगी नगरला सावेडीत राहते, तिच्याकडून परत येत होतो. राहुरीच्या अलीकडे ओटीपोट दगडासारखं झालं. कंडक्टरला सांगितलं, त्याने बिचाऱ्याने उसाच्या कडेला गाडी थांबवली. मी उतरलो, पाठ केली, उभा राहिलो. एक थेंब नाही. मागे चाळीस माणसं खिडकीतून बघत होती. ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. घाम पाठीवरून ओघळत होता आणि जिथून काही यायला हवं होतं तिथून काहीच येत नव्हतं. आपण इथेच, या उसाच्या कडेला फुटून मरणार, असं मला खरोखर वाटलं. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांना हे हास्यास्पद वाटेल. वाटू द्या.

पुन्हा गाडीत चढलो आणि दत्तूला फोन केला. दुसऱ्या कोणाचं नाव सुचलं नाही. तो त्याचा छोटा टेम्पो घेऊन स्टँडवर उभा होता. श्रीरामपूरला दवाखान्यात नळी घातली आणि पिशवी भरत गेली, भरतच गेली. मी रडत होतो. दत्तू पिशवीकडे बघून म्हणाला, "आरं, टँकरच हुता की तू." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मग पुढच्या तपासण्या, तपासायला गाठीचा तुकडा काढणं, हाडांचा स्कॅन. निदान नगरला सांगितलं. खोलीत मी आणि सुमन खुर्च्यांवर, दत्तू दाराशी टेकून उभा. डॉक्टर तरुण होते, शांत बोलत होते. कॅन्सर आहे, हाडांत गेला आहे, पूर्ण काढता येणार नाही, पण आटोक्यात ठेवता येतो, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावं लागेल. सुमनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला भिंतीवरच्या पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "ही रक्ततपासणी यापूर्वी कधी केली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

सुमन म्हणाली, "शाळेत शिबिर झालं होतं की."

"मी यादी करत होतो, मला वेळ नव्हता," मी म्हणालो. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. शेवटी ते म्हणाले, घरातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांनीही तपासून घेतलेलं बरं, भावांनी, चुलतभावांनी. दत्तू दाराशी "व्हय व्हय" म्हणाला. बाहेर आल्यावर त्याने मला चहा पाजला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

*

चार महिने नळी आणि पिशवी. शाळेत जाताना पिशवी मांडीला बांधून वरून सैल पायजमा. जरा ओढलं गेलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी दोनदा नळी काढून पाहिली, इंजेक्शनने गाठ आकसली असेल म्हणून. दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत पुन्हा अडली.

इंजेक्शनचंही सांगतो, कारण कोणी सांगत नाही. अंगातून अचानक वाफा निघतात. छातीवर मांस चढतं. नवरा-बायकोचं जे असतं ते संपतं. इच्छाच राहत नाही, त्यामुळे दुःखही नीट करता येत नाही. सुमनने माझी खाट खिडकीजवळ ओढली आणि स्वतःची दाराजवळ, वारा लागावा म्हणून, असं म्हणाली. पिशवी तीच रिकामी करायची. एकदा पिशवी धुता धुता पाठमोरीच म्हणाली, "दोनदा विचारलं होतं मी तुम्हाला. दोनदा." मी कपाटातल्या गठ्ठ्याचा विचार करत होतो.

दत्तू दर आठवड्याला यायचा. नळी बदलायला श्रीरामपूरला न्यायचा, बाकावर बसायचा. मी पडद्यामागे ओरडलो तर बाहेरून काहीतरी गावाकडची बातमी मोठ्याने सांगायला लागायचा, कुणाची म्हैस विहिरीत पडली, कुणाच्या सुनेने गॅसची शेगडी कशी बदलून आणली. त्या बातम्या तो तिथल्या तिथे रचायचा हे मला पुढे कळलं.

*

शेवटी डॉक्टरांनी लेझरचं सुचवलं. त्यांनी फार स्वच्छ सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. "याने कॅन्सर जाणार नाही. आतून वाट अडवणारा भाग लेझरने काढायचा, म्हणजे तुम्ही नळीशिवाय राहू शकाल. रक्त कमी जातं. पण काही दिवस जळजळ होईल, कदाचित गळेल, पुढे कधी पुन्हाही करावं लागेल."

मी घरी येऊन आठ दिवस ठरवू शकलो नाही. मरण पुढे ढकलणारं ऑपरेशन असतं तर एकवेळ भीती गिळली असती. हे तर फक्त मुतण्यासाठी. एवढ्यासाठी टेबलावर जायचं? पण ज्याने चार महिने पिशवी बांधली आहे त्याला हे "एवढ्यासाठी" काय असतं ते कळेल. मी हो म्हणालो.

ऑपरेशनच्या सकाळी संमतीपत्रावरची माझी सही जन्मात पहिल्यांदा वाकडी आली. भूल देणाऱ्या मॅडम आल्या. मला एकच विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं कळत नव्हतं. शेवटी विचारलं, बेशुद्धीत माणूस काहीबाही बोलतो का?

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्हाला फक्त कंबरेखाली बधिर करणार आहोत. तुम्ही जागे असाल. बोलाल ते तुमच्या मर्जीने बोलाल."

ते ऐकून माझी भीती वाढली.

पाठीत सुई. मग पाय गरम झाले, जड झाले, आणि माझे राहिले नाहीत. कोणीतरी ते उचलून वर बांधले. मी बघत होतो, ते दुसऱ्याचे पाय असावेत तसे. सगळ्यांनी रंगीत चष्मे घातले, मलाही एक घातला. लेझर म्हणजे काहीतरी लखलखाट होईल अशी माझी कल्पना. तसं काही नाही. पाण्याची संततधार, पायाने दाबायच्या कळीचा टुकटुक आवाज, आणि डॉक्टरांचं हळू बोलणं, जरा पाणी वाढवा, थांबा, हं. प्रत्येक टुक झाला की मला वाटे आता काहीतरी फाटलं. पाय परत आलेच नाहीत तर? रक्त थांबलंच नाही तर? वर दिव्याच्या स्टीलच्या कडेत काहीतरी हलत होतं, ते बघायचं नाही म्हणून डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांपुढे चिखलाने भरलेला दत्तू टेबलाशी उभा. एक सिस्टर डोक्याशी उभी होती, तिने माझ्या कपाळाचा घाम कापसाने टिपला. संपेपर्यंत ती टिपत राहिली. तिचा चेहरा मी पाहिला नाही, मास्क होता. इतकं हळू माझ्याशी फार वर्षांत कोणी वागलं नव्हतं.

*

नंतर वॉर्डात. मोठी नळी, एकीकडून पाणी आत, दुसरीकडून बाहेर. बाहेर येतं त्याचा रंग बघत राहायचा. लाल असेल तर पाण्याचा वेग वाढवायचा, रक्ताची गाठ अडकली तर ताबडतोब सांगायचं. सुमनला रक्त बघवेना, तिला चक्कर आली, तिला मुलीकडे सावेडीला पाठवलं. दत्तू राहिला. सिस्टरांनी दर दोन तासांनी रंग लिहायला सांगितला होता. दत्तूने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: डाळिंब. मग: डाळिंब, पन फिक्कं. मग: कलिंगड. दुसऱ्या दिवशी सकाळी: पेरूचा गर. राऊंडला डॉक्टरांनी ती वही वाचली आणि म्हणाले, पेरू म्हणजे लाल पेरू ना? दत्तू म्हणाला, "व्हय. पांढरा झाला की सांगतो." सगळा वॉर्ड हसला. मी हसलो तर खाली कळ आली.

माझा पलंग बाथरूमच्या दारालगत होता. दुपारी वॉर्ड जरा शांत झाला तेव्हा दत्तू आत गेला. दार पातळ. आतला आवाज येत होता. थोडी धार, मग काही नाही. मग कण्हल्यासारखा श्वास. मग थेंब थेंब. पुन्हा काही नाही. बराच वेळ. मग थोडी धार.

तो आवाज मला ओळखता येतो. माझ्याइतका तो आवाज कोणाला ओळखता येईल?

मी पडल्या पडल्या घड्याळाकडे बघू लागलो. पाऊण तासाने तो पुन्हा गेला. मग पुन्हा. संध्याकाळच्या चहापर्यंत चार वेळा. बाहेर आला की हात पुसत म्हणायचा, "दवाखान्याचा चहा लई पातळ हाय, सारखं जावं लागतं." आणि वही उघडून माझा रंग लिहायचा.

ऑपरेशन टेबलावर मी घाबरलो होतो असं वर लिहिलं आहे. ती भीती खरीच होती. पण त्या दुपारी त्या दाराच्या पलीकडे मला जे ऐकू आलं, त्यापुढे ती काही नव्हती. माझं जे व्हायचं ते झालेलं होतं. त्याचं अजून ठरलेलं नव्हतं. आणि शिबिरात त्याची पाळी मी घेतली होती.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. सिस्टर म्हणाल्या, पाणी प्या आणि वाट बघा. तासाभराने मी भिंतीला धरून उभा राहिलो. आधी आग, मग थोडं रक्त, मग धार. खरोखरची धार. मी बाहेर आलो तर दत्तूने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. मी मान हलवली. त्याने वहीत लिहिलं: पांढरा. माझ्यापेक्षा तोच जास्त खूश होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

*

घरी त्याच्याच टेम्पोतून निघालो. सुमनला मुलीने दोन दिवस ठेवून घेतलं होतं, म्हणून आम्ही दोघंच. राहुरीपर्यंत त्याने दोनदा गाडी थांबवली. दुसऱ्यांदा एका रसवंतीपाशी. तो मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी आरशात त्याची पाठ पाहत होतो. डोकं खाली घातलेलं. माझी एसटीतली चाळीस माणसं तेव्हा हेच बघत असतील.

तो आत येऊन बसला तेव्हा मी बोललो. शिबिराचं सांगितलं. त्याच्या नावावर मी बसलो होतो ते, कागद आला होता ते, कपाटात ठेवला ते. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. रसवंतीच्या चाकाचे घुंगरू वाजत होते.

मग म्हणाला, "म्हंजी दीड वर्ष तुला म्हाईत हुतं."

"होतं."

"आनि म्या इचारलं तवा, बाटल्या खरंच संपल्या हुत्या?"

हाच तो क्षण होता. एवढं सांगून झालं होतं, एकच वाक्य राहिलं होतं.

"संपल्या होत्या," मी म्हणालो.

त्याने गाडी सुरू केली. दारात मला उतरवलं, माझी कपड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली, औषधांची चिठ्ठी वरच्या खिशात आहे म्हणाला आणि गेला.

सुमन आल्यावर तिलाही कागदाचं सांगितलं. संध्याकाळी तिने पाण्याचा तांब्या समोर आणून ठेवला. "प्या," म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय." मग उंबऱ्यात बसून म्हणाली, "तुमचं तुम्ही केलंत. भाऊजींचं का केलंत?" 

*

दत्तू अकरा दिवस आला नाही. बाराव्या दिवशी सकाळी आला, लाल पेरूंची पिशवी ओट्यावर ठेवली आणि धार कशी आहे ते विचारलं. मी म्हणालो, चांगली आहे, जरा जळजळतं, हसलो-खोकलो की थोडं गळतं. मग म्हणालो, दत्तू, सोमवारी श्रीरामपूरला जाऊ. मी बरोबर येतो. एक रक्त तर द्यायचं.

तो पेरू पुसत राहिला.

"नाना, चार म्हैने तुझी पिशवी म्या पाह्यली. पडद्यामागं तुझं वरडनं ऐकलं. मला म्हाईत हाय तिकडं काय आसतं. म्हाईत नसतं तर आलो आसतो."

"लवकर कळलं तर इतकं होत नाही, दत्तू. माझं उशिरा कळलं म्हणून..."

"उशिरा न्हाई कळलं तुला," तो म्हणाला.

माझ्याकडे बघून रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो पेरूकडे बघत म्हणाला. मग उठला, वहिनींना सांग पेरू घरचेच आहेत, असं म्हणून गेला. त्यानंतर मी चार वेळा विषय काढला. चारही वेळा तो हसला. "सुई वाचतीय तवर वाचू दे," म्हणाला. त्याची मोटरसायकल आता बांधावर जास्त वेळा थांबलेली दिसते. आमच्या ओट्यावरून त्याचा मळा दिसतो. मी बघत असतो.

सिस्टरांनी सांगितलं होतं, लोकांच्या उपयोगी पडेल असं लिहा. तर एवढंच. धार बारीक झाली, थांबून थांबून येऊ लागली, तर कोणाला तरी सांगा, बायकोला सांगा, डॉक्टरांना सांगा, आणि स्वतःचं नाव सांगा. अडली तर एसटीत बसून राहू नका. लेझरच्या टेबलावर फार दुखत नाही. भीतीच जास्त असते, आणि डोक्याशी कोणीतरी घाम टिपायला असतं. नळीशिवाय झोपायला मिळतं, ही लहान गोष्ट नाही. माझा कॅन्सर आहे तिथेच आहे. पुढचं इंजेक्शन पुढच्या महिन्यात. कंबर दुखली की मी अजून घाबरतो, दर वेळी.

जुन्या दाखल्यांच्या कपाटातून तो कागद मी काढला आहे. तो आणि हे लिहिलेले कागद घेऊन मला दत्तूच्या मळ्यावर जायचं आहे. छापायला देण्याआधी हे त्याला वाचून दाखवायचं आहे, पहिल्या ओळीपासून, म्हणजे उत्तर त्याला माझ्या तोंडून मिळेल. हे लिहून तीन दिवस झाले. अजून गेलेलो नाही.

दत्तूचं रक्त अजून तपासलेलं नाही. बाटल्या तीन होत्या हे त्याला अजून सांगितलेलं नाही. या दोन गोष्टी मी त्याला देणं लागतो.